उपरा की उचल्या? पुस्तकाचं नाव ओळखायचा खेळ खेळवताना

‘उ’ने सुरू होणारं तीन अक्षरी आत्मकथन. लेखकाचं पहिलं नाव लक्ष्मण. पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार. ओळखा.

वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कोडं टाकलं की निम्मे लोक ‘उपरा’ लिहितील, निम्मे ‘उचल्या’, आणि सगळेच बरोबर असतील. ‘उपरा’ लक्ष्मण मान्यांचं, 1980चं. ‘उचल्या’ लक्ष्मण गायकवाडांचं, 1987चं. अकादमीचा पुरस्कार दोन्हींना आहे. अक्षरं दोन्हींत तीन, आणि स्वरही तेच: उ, अ, आ. आता गुण कोणाला द्यायचे यावर वाद होणार, आणि तो वाद मिटेपर्यंत पुढच्या कोड्यातला रस गेलेला असणार. ‘कैकाडी समाजातला लेखक’ एवढे तीन शब्द जोडले असते तर एकच उत्तर उरलं असतं.

या खेळात जे काही बिघडतं त्यातलं बहुतेक इथूनच बिघडतं. कोडं घालणाऱ्याच्या डोक्यात एक पुस्तक पक्कं असतं, म्हणून त्याला त्या वर्णनात बसणारं दुसरं पुस्तक दिसतच नाही. कोडं तयार झालं की उत्तर विसरून, फक्त खुणा वाचून, आणखी कोणती नावं बसतात हे पाच मिनिटं शोधायचं. ‘कर्णावरची कादंबरी’ म्हटलं की ‘मृत्युंजय’ आठवतं, पण रणजित देसायांचं ‘राधेय’ही तिथेच उभं असतं. ‘पानिपत’ म्हटलं की विश्वास पाटलांची 1988ची कादंबरी, पण त्र्यं. शं. शेजवलकरांचा इतिहासग्रंथही ‘पानिपत : 1761’ याच नावाचा. म्हणून उत्तरात पुस्तकाबरोबर लेखकाचं नाव मागावंच. ते आलं नाही तर अर्धे गुण.

आता प्रकार. चारपाच प्रकार आलटून पालटून खेळले की महिनोन्‌महिने पुरतात, पण सगळे सारख्या ताकदीचे नाहीत.

चित्रखुणांचं कोडं, म्हणजे इमोजी वापरून नाव सुचवणं, सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत लवकर शिळं होणारं. बटाटा आणि इमारत टाकली की ‘बटाट्याची चाळ’ दहा सेकंदांत येते. पोपट दोनदा टाकले की ‘हिरवे रावे’. इथे नावातल्या शब्दांची चित्रं शोधण्यापेक्षा नावातली गंमत पकडावी. किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’साठी चित्र लागतच नाही; नुसतं 7 × 6 = 43 लिहायचं. निम्म्या लोकांना वाटतं टायपायला चुकलं, आणि कोणीतरी ‘बेचाळीस हवं ना?’ असं विचारतं तिथेच दुसऱ्याला उत्तर सुचतं. एक तांत्रिक अडचण लक्षात ठेवायची: नवी इमोजी सगळ्यांना दिसत नाहीत. ‘रथचक्र’साठी घोडा आणि चाक टाकावंसं वाटेल, पण चाकाचं चित्र 2021 साली आलं, जुन्या फोनवर किंवा अद्ययावत न केलेल्या ॲपवर तिथे नुसता चौकोन दिसतो. आणि ‘आहे मनोहर तरी’सारख्या नावाच्या वाटेला चित्रांनी जाऊच नये. अव्ययांची चित्रं होत नाहीत.

खरी मराठी मजा आहे ती अक्षरांच्या कोड्यात. इंग्रजी हँगमनची, म्हणजे एकेक अक्षर सुचवत रिकाम्या जागा भरून शब्द ओळखायच्या खेळाची, ॲपं मराठीला लावायला गेलं की पहिल्याच पावलाला ठेच लागते, कारण संगणक अक्षर मोजतो ते आपण मोजतो तसं नाही. ‘मृत्युंजय’ आपल्या दृष्टीने चार अक्षरी: मृ, त्युं, ज, य. संगणक त्यात म, ऋकाराची खूण, त, हलन्त, य, उकार, अनुस्वार, ज, य अशा नऊ खुणा मोजतो आणि नऊ रिकाम्या जागा दाखवतो. म्हणून हा खेळ हातानेच मांडावा आणि नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा: जोडाक्षर हे एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वार त्या अक्षराचाच भाग, विरामचिन्हं मोजायची नाहीत. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं उद्गारचिन्ह मोजायचं का, हा प्रश्न हमखास येतो.

रिकाम्या जागांसाठी खालची रेघ वापरू नये. व्हॉट्सॲपवर दोन रेघांच्या मध्ये अक्षर जोडून लिहिलं की रेघा गायब होतात आणि अक्षर तिरकं होतं. तारांकनांचंही तसंच, फक्त अक्षर ठळक होतं. गोल किंवा शून्य वापरलं की काही बिघडत नाही. ‘कोसला’ असं दिसेल: ० स ०.

याच्या पुढची पायरी स्वरमाला. व्यंजनं सगळी काढायची आणि फक्त स्वर ठेवायचे. नुसता काना किंवा वेलांटी टाइप केली तर फोन त्याला एक ठिपक्यांचं वर्तुळ चिकटवतो आणि सगळं गिचमिड दिसतं, म्हणून पूर्ण स्वर लिहायचे. ‘बनगरवाडी’ होते अ अ अ अ आ ई. बघताक्षणी काहीच कळत नाही. मोठ्याने म्हणून बघितलं की चार ऱ्हस्व पावलं आणि मग ‘वाडी’चा हेल कानाला लागतो. लोक हे कोडं पुटपुटत सोडवतात, आणि ते तसंच सुटतं. डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतो असं मराठी शब्दकोडं मला तरी दुसरं माहीत नाही.

स्वरमालेचे खाचखळगे असे. दोन अक्षरी नावं टाळावीत: ‘शाळा’ आणि ‘छावा’ दोन्ही आ आ. तीन अक्षरांतही ‘उपरा’-‘उचल्या’सारखी टक्कर होते. पाच ते आठ अक्षरं उत्तम. ‘ऋ’ असलेलं नाव लगेच उघडं पडतं, कारण असा स्वर असलेली शीर्षकं मोजकीच. ‘मृत्युंजय’ची माला ऋ उं अ अ लिहिली की कोडं संपलं. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. खांडेकरांची कादंबरी 1959ची, तिच्या मुखपृष्ठावर ‘ययाति’. 1962 साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणजे ‘ययाती’. कोणी अ आ इ धरून बसेल, कोणी अ आ ई. यावर सोपा तोडगा असा की शेवटच्या अक्षराचा इकार-उकार मालेत नेहमी दीर्घच लिहायचा आणि उत्तरात दोन्ही लेखनं बरोबर मानायची. मधल्या अक्षरांना मात्र छापील पुस्तकावर असेल ते.

स्वरमालेच्या उलट व्यंजनांचा सांगाडा: ‘क स ल’. हा खूपच सोपा जातो, म्हणून तो स्वतंत्र कोडं न ठेवता स्वरमालेचा दुसरा इशारा म्हणून वापरावा. आधी ओ अ आ, दीड मिनिटाने क स ल.

अर्थांतराचं कोडं, म्हणजे नावाचा अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगणं. ‘वाळलेल्या पानांचा कचरा’ म्हणजे रा. रं. बोराड्यांचा ‘पाचोळा’. ‘युद्धभूमी’ म्हणजे ‘रणांगण’. इथे शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द उचलला की कोडं कोरडं होतं. अर्थ बोलीत सांगावा, किंवा तो शब्द ज्या कामात येतो ते काम सांगावं. ‘गोतावळा’साठी ‘नातेवाईकांचा समूह’ लिहिण्याऐवजी ‘लग्नाच्या आदल्या दिवशी घरात मावत नाही तो’ असं लिहिलं तर लोक जास्त वेळ घोळतात आणि सुटल्यावर जास्त खूश होतात. शिवाय पहिली व्याख्या गुगलवर टाकता येते, दुसरी नाही.

पुस्तकाचं पहिलं वाक्य देऊन ओळखायला लावणं ऐकायला छान वाटतं, पण मिश्र ग्रुपवर चालत नाही. ‘कोसला’ची सुरुवात अनेकांना पाठ असते, बाकीच्या पुस्तकांची कोणालाच नसते. म्हणजे एक तर सगळ्यांना येतं, नाही तर कोणालाच नाही. महिन्यातून एखादं पुरे.

शीर्षकांची अंत्याक्षरी मात्र खूप चालते, आणि इथे मराठी भाषेचा एक नियम आडवा येतो: ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. आपली शीर्षकं मात्र या अक्षरांवर खुशाल संपतात. चाळ, पिंगळावेळ, रणांगण, लमाण. नियम न ठरवता खेळलं तर पहिल्या ‘चाळी’तच खेळ अडकतो. म्हणून ‘ळ’ आला तर ‘ल’, ‘ण’ आला तर ‘न’. शेवटी जोडाक्षर असेल तर त्यातलं शेवटचं व्यंजन घ्यायचं. एवढ्यावर साखळी अशी धावते: मृत्युंजय, ययाति, तुंबाडचे खोत, तणकट, टारफुला, लमाण, नटसम्राट, टीकास्वयंवर, रथचक्र, रणांगण, नाझी भस्मासुराचा उदयास्त. यात कादंबऱ्या आहेत, आत्मचरित्र आहे, नाटक, समीक्षा, इतिहास, सगळं आहे. शेवटच्या दोन नावांकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. बेडेकरांच्या ‘रणांगण’मधल्या बोटीवर नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित आहेत, ती कादंबरी 1939ची. ‘ण’चा ‘न’ केला आणि अक्षराच्या ओघात पुढचं नाव वि. ग. कानिटकरांच्या नाझींवरच्याच पुस्तकाचं आलं. अशी जोडी जमली की सूत्रधाराने दोन ओळी जरूर लिहाव्यात. पुढच्या आठवड्यात ‘रणांगण’ कोणीतरी वाचायला घेतं ते अशा दोन ओळींमुळे.

या साखळीत ‘ट’ हे जीवघेणं अक्षर. शेवटी ‘ट’ असलेली नावं पटकन सापडतात, सुरुवातीला ‘ट’ असलेली फार थोडी. अनुभवी खेळाडू मुद्दाम समोरच्याला ‘ट’ देतात. ते खेळाचा भाग म्हणून चालू द्यावं, फक्त एकदा आलेलं नाव पुन्हा नाही.

वीस प्रश्नांचा खेळ लहान ग्रुपला, सहा ते दहा जणांना, सगळ्यांत छान. सूत्रधाराने मनात पुस्तक धरायचं, बाकीच्यांनी हो-नाहीचे प्रश्न विचारायचे. गणित असं की प्रत्येक प्रश्नाने उरलेली पुस्तकं निम्मी होत गेली तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त पुस्तकांतून एक सापडतं. प्रत्यक्षात लोक तिसऱ्याच प्रश्नाला ‘पुलंचं आहे का?’ विचारतात आणि प्रश्न वाया घालवतात. चांगला प्रश्न निम्मी पुस्तकं बाजूला काढतो: 1960च्या आधीचं आहे का, शीर्षक एका शब्दाचं आहे का, गाव हे मुख्य ठिकाण आहे का, लेखक स्त्री आहे का. यातलं ‘कादंबरी आहे का?’ हे फसवं. इरावती कर्व्यांचं ‘युगांत’ काय म्हणायचं? ‘बटाट्याची चाळ’? सूत्रधाराला ‘हो’, ‘नाही’ याबरोबर ‘वादाचं आहे’ असं तिसरं उत्तर द्यायची मुभा हवी, आणि ते उत्तर आलं तर तो प्रश्न विसात धरू नये.

मुखपृष्ठाचा तुकडा ओळखा, हा प्रकार जुन्या पुस्तकांचा साठा असलेल्यांसाठी. दीनानाथ दलालांची चित्रं, कमल शेडग्यांचं अक्षरलेखन यांचा इंचभर तुकडाही जाणकाराला पुरतो. इथे फोटोवरून शोध घेणारी सोय खेळ मारते. ती चुकवायची तर तुकडा पानाच्या सहाव्या हिश्श्याहून लहान ठेवायचा, कृष्णधवल करायचा, आणि नेटवरचं चित्र न उचलता घरातल्या प्रतीचा स्वतः फोटो काढायचा. घरच्या प्रतीवरचा डाग, उन्हाने उडालेला रंग, वाचनालयाचा शिक्का, यामुळे यंत्र चकतं. माणूस चकत नाही. मात्र आवृत्तीगणिक मुखपृष्ठ बदलतं, म्हणून आवृत्तीचं साल आधी सांगणं न्यायाचं.

आता खेळवण्याबद्दल. पंधरा ते तीस जणांच्या ग्रुपला एका बैठकीत आठ ते दहा कोडी पुरतात. पंचेचाळीस मिनिटांच्या पुढे लोक गळतात. दहांत चार सोपी, चार मधली, दोन अवघड. पहिलं नेहमी सोपं, अवघड दोन्ही शेवटी ठेवू नयेत. प्रत्येक कोड्याला चार मिनिटं आणि तीन पायऱ्या: पहिल्या खुणेवर ओळखलं तर पाच गुण, दीड मिनिटाने दुसरी खूण, मग तीन गुण, तीन मिनिटांनी तिसरी, मग एक. खुणा आधीच लिहून नोंदवहीत ठेवाव्यात आणि तिथून चिकटवाव्यात. आयत्या वेळी सुचलेली तिसरी खूण हमखास उत्तरच सांगून टाकते.

सगळ्यांत मोठी तक्रार असते ती एकदोन जणच सगळं पटकावतात ही. त्यावर दोन उपाय आहेत. एक, ओळखणाऱ्याने पुढच्या कोड्याला गप्प बसायचं. दुसरा, उत्तरं ग्रुपवर न देता सूत्रधाराला खासगीत पाठवायची, आणि वेळेत आलेल्या प्रत्येक बरोबर उत्तराला गुण. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पहिल्यात चपळ बोटाला बक्षीस मिळतं आणि मोबाइलवर सावकाश मराठी टाइप करणारे, बहुधा सगळ्यांत जास्त वाचलेले ज्येष्ठ सभासद, मागे पडतात. खासगी उत्तरांत सूत्रधाराचं काम वाढतं, पण तीस जणांपर्यंत झेपतं. उत्तरं देवनागरीत हवीत हा आग्रह धरू नये. रोमन लिपीतलं किंवा बोलून पाठवलेलंही चालावं.

ग्रुपवरच उत्तरं घ्यायची असतील तर तीन नियम लागतात. बदललेला संदेश बाद, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. पुसलेला संदेशही बाद. आणि एकाच मिनिटात दोन उत्तरं आली तर सूत्रधाराच्या फोनवर दिसेल तो क्रम अंतिम; नेटच्या वेगाप्रमाणे संदेशांचा क्रम प्रत्येकाच्या फोनवर वेगळा दिसू शकतो, आणि ‘माझ्याकडे माझं आधी दिसतंय’ या वादाला अंत नसतो. उत्तर देताना कोड्याचा संदेश पकडून त्यालाच उत्तर द्यायला सांगावं, नाही तर चौथ्याचं उत्तर पाचव्याखाली जातं. बैठक सुरू व्हायच्या आधी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ हे चालू करून कोडं टाकायचं आणि ठरल्या वेळी ग्रुप उघडायचा, म्हणजे शुभ सकाळच्या चित्रांत कोडं वाहून जात नाही. आपोआप नाहीशा होणाऱ्या संदेशांची सोय बंद आहे ना, हेही बघून घ्यावं. ती चालू असली तर जुनी कोडी आणि गुण दोन्ही जातात.

टेलिग्रामवर प्रश्नमंजुषेचा पोल आणि झाकलेला मजकूर या दोन्ही सोयी आहेत, त्यामुळे पर्याय देऊन खेळायचं तर ते बरं. पण चार पर्याय दिले की आठवण्याचा खेळ निवडण्याचा होतो. शाळेतल्या मुलांसाठी ठीक. ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’, ‘बोक्या सातबंडे’ असे पर्याय समोर दिसले की मुलं खुलतात.

ग्रुपमध्ये परदेशातले लोक असतील तर रविवारी रात्री साडेनऊ ही भारतातली वेळ धरावी. तेव्हा दुबईत आठ, उन्हाळ्यात लंडनला पाच, न्यूयॉर्कला दुपारचे बारा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजलेले असतात. ऑक्टोबरअखेर लंडनची आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा आठवड्याआधी आठवण करावी. त्या लोकांच्या वाचनाचा काळही सांभाळावा लागतो. 1995च्या सुमाराला गेलेल्यांना पेंडसे, दळवी, वपु पाठ असतात, आणि मिलिंद बोकिलांची 2004ची ‘शाळा’ सिनेमावरून माहीत असते. कविता महाजनांची ‘ब्र’ किंवा कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’ एकदम पहिल्या खुणेवर मागू नये.

कोड्यांसाठी पुस्तकं कुठून आणायची? साहित्य अकादमीची मराठी पुरस्कारांची यादी हा तयार साठा आहे. ती 1955 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’पासून सुरू होते. ज्ञानपीठाचे चार मराठी मानकरी, खांडेकर, शिरवाडकर, विंदा आणि नेमाडे, यांची एक बैठक सहज होते. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी फक्त त्यांची पुस्तकं, 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला फक्त बालसाहित्य. पण यादीवर विसंबून न वाचलेल्या पुस्तकाचं कोडं घालू नये. खूण उथळ होते, आणि कोणी पुढचा प्रश्न विचारला तर सूत्रधाराकडे सांगायला काही नसतं. नाव, लेखक, साल हे पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपानावरून घ्यावं. विक्रीच्या संकेतस्थळांवर नव्या आवृत्तीचं साल पहिलं म्हणून सर्रास दिलेलं असतं.

वापरलेल्या कोड्यांचा तक्ता ठेवावा: तारीख, शीर्षक, प्रकार, किती जणांना आलं. पाचाहून कमी जणांना आलेली पुस्तकं सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रकाराने पुन्हा घ्यावीत. ‘धग’ पहिल्यांदा कोणालाच येत नाही आणि दुसऱ्यांदा दहा जणांना येते, मधल्या काळात ती वाचली गेलेली असते. म्हणून उत्तर जाहीर करताना नाव टाकून पुढे पळू नये. लेखक, साल, खूण कशी जुळली, आणि ग्रुपमध्ये कोणाकडे प्रत आहे, एवढं लिहायला एक मिनिट लागतं.

सरावाला तीन. स्वरमाला, दोन शब्द, चार आणि दोन अक्षरं, कादंबरी: आ ई अ ई, आ ई. स्वरमाला, एक शब्द, पाच अक्षरं, कथासंग्रह: इ आ आ अ आ. आणि व्यंजनांचा सांगाडा, तीन आणि चार अक्षरं, आत्मचरित्र, स्वराने सुरू होणाऱ्या अक्षराच्या जागी शून्य: त र ळ, ० त र ळ.